दज्जाल मोहल्ल्यात शोधू नका : इमाम-खतीब हजरात आणि मकतबच्या उस्तादांना खुलं पत्र

मोहतरम इमाम साहेब, खतीब हजरात, मकतबचे उस्ताद आणि जमातीचे कारभारी,

अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाह.

मी रायगड जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावातली. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता घरी असते. तुमच्यापैकी काहींची मुलं माझ्या हाताखालून गेली आहेत. जुम्म्याचा तुमचा बयान मी ओटीवर बसून भोंग्यावरून ऐकते, आणि लक्ष देऊन ऐकते. म्हणूनच हे पत्र लिहायचं धाडस करते आहे. विषय दज्जालचा, म्हणजे आखरी जमान्यात येऊन खुदाईचा दावा करणाऱ्या त्या खोट्या मसीहाचा. बोलण्यात कमीजास्त झालं तर मोठ्या बहिणीचं समजून घ्या.

गेल्या रमजानमधली गोष्ट. माझा भाचा अकरा वर्षांचा आहे. तरावीहून आला, पाय धुतले, आणि बराच वेळ झाला तरी जेवायला येईना. बघते तर मोरीजवळच्या आरशासमोर उभा. एका हाताने कपाळावरचे केस मागे धरलेले आणि दुसऱ्या हाताचं बोट दोन भुवयांच्या मधे फिरवतोय. मला वाटलं पुळी आली असेल. त्याने आरशातूनच मला विचारलं, "फुफी, काफ-फे-रे आपलं आपल्याला दिसतं का?" दज्जालच्या दोन डोळ्यांच्या मधे ही तीन अक्षरं, म्हणजे काफिर, लिहिलेली असतील, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे.

दोन वर्षांपूर्वी विटी-दांडू खेळताना त्याच्या डाव्या डोळ्याला विटी लागली. मुंबईला नेलं, धावपळ केली, पण नजर वाचली नाही. डोळ्यात फूल पडलं. तेव्हापासून मुलं त्याला अधूनमधून चिडवत, ते आम्ही धरून चाललो होतो. पण रमजानच्या आधी कुणाच्या तरी फोनवर एक व्हिडिओ आला: दज्जाल जन्माला आलाय, अमक्या देशात आहे, एक डोळा आहे, इतकी वर्षं उरलीत. त्या दिवसापासून मकतबातल्या मुलांनी माझ्या भाच्याचं नावच बदललं. नमाजच्या सफमध्ये, म्हणजे रांगेत, त्याच्या शेजारी उभं राहायला कुणी तयार होईना.

आणि आरशासमोरून हटताना तो म्हणाला, "पण माझा डावा गेलाय ना, दज्जालचा उजवा असतो. मग मी तो नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. सहरीला उठले आणि घरातली हदीसची किताबं काढून बसले. मी आलिमा नाही. पण उर्दू वाचता येतं, आणि जे वाचलं ते तुम्ही माझ्याहून कितीतरी चांगलं जाणता. माझी तक्रार एवढीच आहे की जे तुम्ही जाणता ते मिंबरवरून आमच्यापर्यंत पोचत नाही. ती रिकामी राहिलेली जागा फोन भरतो आहे.

आधीच सांगते, दज्जालवर माझा ईमान आहे. ही जुनीपुराणी कहाणी आहे, सोडून द्या, असं सांगायला मी आलेली नाही. कुरआनात त्याचं नाव नाही, पण सही बुखारी आणि सही मुस्लिम या हदीसच्या किताबांमध्ये त्याच्याबद्दल इतकं आलं आहे की त्याला बाजूला सारता येत नाही. दर नमाजमध्ये अत्तहियातनंतर चार गोष्टींपासून पनाह मागायला पैगंबर हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी शिकवलं: जहन्नमचा अजाब, कबरेचा अजाब, जगण्या-मरण्याचा फितना म्हणजे कसोटी, आणि मसीह दज्जालचा फितना. नेमानं ही दुआ मागणारा माणूस दिवसातून पाच वेळा त्याचं नाव घेतो. मग बयानात मात्र वर्षानुवर्षं त्याचं नाव का नसतं? आणि कधी आलंच तर भीती घालण्यापुरतं का येतं?

आता डोळ्याचंच घ्या. एक डोळा म्हणजे दज्जाल, एवढंच आमच्या मुलांना माहीत आहे. हुजूरनी ती निशाणी का सांगितली, हे कुणी सांगितलेलं नाही. हदीसमध्ये ते वाक्य सरळ आहे: तो काणा आहे, आणि तुमचा रब काणा नाही. दज्जाल खुदाईचा दावा करणार. पाऊस पाडून दाखवणार, जमिनीतले खजिने त्याच्यामागे मधमाश्यांसारखे धावणार. अशा वेळी अडाण्यातल्या अडाणी माणसालाही कळावं की ज्याला स्वतःचा डोळा दुरुस्त करता येत नाही तो रब कसा असेल, म्हणून ती खूण. म्हणजे ती त्याच्या दाव्याविरुद्धची दलील आहे. ज्याचा डोळा गेला त्या माणसाविरुद्ध ती कधीच नव्हती. ज्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं ते हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम मदीनेत अजान देत. त्यांच्याकडे क्षणभर दुर्लक्ष झालं म्हणून सूरह अबसच्या आयती उतरल्या. हुजूर मदीनेबाहेर जाताना शहराची जबाबदारी त्यांच्यावर सोपवत. हे सगळं एका जुम्म्यात दहा मिनिटांत सांगून होतं. सांगितलं असतं तर माझ्या भाच्याला आरशात काफ-फे-रे शोधावं लागलं नसतं.

त्याच्या डाव्या-उजव्या डोळ्याच्या हिशोबाचंही सांगते. बहुतेक रिवायतींत, म्हणजे हदीसच्या कथनांत, उजवा डोळा आहे हे खरं. पण सही मुस्लिमच्या एका रिवायतीत डावाही आहे, आणि उलमांनी दोन्हींचा मेळ घातलेला आहे. हे मला सहरीच्या वेळी कळलं. त्याला मी अजून सांगितलेलं नाही. अकरा वर्षांच्या मुलाने स्वतःची बेगुनाही सिद्ध करायला एवढी एकच गोष्ट जवळ बाळगलेली, ती मी कशी काढून घेऊ?

त्याचा तो हिशोब ऐकून मला दुसरा एक मुलगा आठवला, चौदाशे वर्षांपूर्वीचा. इब्न सय्यादची हदीस तुम्हाला तोंडपाठ असेल. मदीनेतला यहुदी घरातला मुलगा, वयात यायच्या बेतातला, इतर मुलांबरोबर खेळत होता. चित्रविचित्र बोलायचा, म्हणून हाच दज्जाल असावा अशी लोकांत कुजबुज. हुजूर स्वतः जाऊन त्याच्याशी बोलले, त्याला पारखलं. हजरत उमर म्हणाले, या रसूलल्लाह, इजाजत द्या, याची मान उडवतो. जवाब काय मिळाला? हा तोच असेल तर तुमच्याने त्याचं काही होणार नाही, आणि तो नसेल तर याला मारण्यात तुमचं काही भलं नाही.

या एका जवाबावर थांबावं असं मला वाटतं. समोर हजरत उमर आहेत, संशय फुकाचा नाही, आणि खुद्द हुजूर हयात आहेत. तरी इजाजत नाही. मग आज कुणाच्या तरी फोनवर आलेल्या तुकड्यावरून आपण एखाद्या माणसावर, एखाद्या कौमवर, एखाद्या पोरावर बोट ठेवतो ते कुणाच्या इजाजतीने?

त्या मुलाचं पुढे काय झालं तेही सही मुस्लिममध्ये आहे, आणि ते मी याआधी कधीच कुणाच्या बयानात ऐकलेलं नाही. तो मोठा झाला, मुसलमान झाला. हजरत अबू सईद खुदरींबरोबर मक्केच्या वाटेवर होता. मुक्कामाला सगळे झाडाखाली पांगले आणि हे दोघेच उरले. अबू सईद स्वतः सांगतात की लोक त्याच्याबद्दल जे बोलत त्यामुळे मला त्याच्याजवळ बसायला नकोसं झालं. त्याने सामान आणून यांच्या सामानाशेजारी ठेवलं, तर हे म्हणाले, ऊन फार आहे, तिकडच्या झाडाखाली ठेव. त्याने दूध आणलं, तर पुन्हा उन्हाचंच निमित्त करून घेतलं नाही. तेव्हा तो म्हणाला, अबू सईद, लोक जे बोलतात त्यामुळे असं वाटतं की दोर घ्यावा, झाडाला बांधावा आणि गळफास लावून घ्यावा. तुम्ही तर हुजूरची हदीस जाणता. दज्जाल काफिर असेल, मी मुसलमान आहे. त्याला औलाद नसेल, मी माझी मुलं मदीनेत सोडून आलोय. तो मक्का-मदीनेत जाणार नाही, आणि मी मदीनेहून मक्केला निघालोय.

उजवा नाही, डावा आहे. मग मी तो नाही ना?

हदीस पुढे जाते, आणि शेवटी तो माणूस असं काही बोलतो की अबू सईदना पुन्हा शंका येते. तेही मी वाचलं आहे. उलमांमध्ये त्याच्याबद्दल मतभेद आहेत, आणि ते सोडवायची माझी लायकी नाही. पण त्या झाडाखालचं दूध माझ्या मनातून जात नाही. आमच्या मकतबात सफमध्ये जी जागा रिकामी सुटते तीच ती जागा.

आमच्या लहानपणी दज्जालची गोष्ट वेगळी सांगितली जायची. माझे आजोबा तांडेल होते, गलबतावर हयात गेली. दादीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तमीम दारींच्या समुद्रप्रवासाची हदीस तिला अशी पाठ होती की जणू आजोबाच त्या जहाजावर होते. तीस माणसं, महिनाभर लाटांनी इकडून तिकडे फेकलेलं जहाज, शेवटी एक बेट. तिथे पुढचं-मागचं ओळखू येणार नाही असं केसांनी भरलेलं जनावर. आणि आत साखळदंडांनी जखडलेला एक धिप्पाड माणूस, तोच दज्जाल, जो खलाशांना उलट प्रश्न विचारतो. बैसानच्या खजुरांना फळ धरतं का? तबरियाच्या तळ्यात पाणी आहे का? दादी विचारायची तेव्हा आमच्या अंगावर काटा यायचा. पण गोष्ट ती तिथे सोडायची नाही. मक्का-मदीनेच्या प्रत्येक वाटेवर नंगी तलवार घेऊन फरिश्ते उभे आहेत. दमिश्कच्या पूर्वेला पांढऱ्या मिनारापाशी हजरत ईसा दोन फरिश्त्यांच्या पंखांवर हात ठेवून उतरतील. मग लुद्द शहराच्या दरवाजाशी त्या खोट्या मसीहाचा शेवट होईल. एवढं झालं की दादी कंदिलाची वात खाली करायची आणि आम्ही झोपायचो. आम्हाला भीती वाटली नाही असं नाही, पण त्या भीतीला बाहेर पडायला वाट होती. आजच्या व्हिडिओत लुद्दचा दरवाजा येतच नाही, कारण त्याच्या आधीच पुढचा भाग बघायला सांगतात.

दादी आणखी एक म्हणायची: चौदावी सदी आखरी. हे हदीसमध्ये कुठे नाही, पण हिंदुस्थानातल्या घराघरांत म्हणत. मी दहा वर्षांची होते तेव्हा हिजरी १४०० चा पहिला दिवस उजाडला. २० नोव्हेंबर १९७९. वडील तेव्हा जेद्दाला नोकरीला होते. त्याच पहाटे मक्केत, हरम शरीफमध्ये म्हणजे काबेच्या मशिदीत, फज्रची नमाज झाली आणि जुहैमान अल-उतैबीच्या माणसांनी बंदुका काढल्या. दरवाजे बंद केले आणि जाहीर केलं की महदी, म्हणजे आखरी जमान्यात येणारे रहनुमा, आले आहेत. महदी म्हणून पुढे केलेला माणूस होता मुहम्मद अल-कहतानी, जुहैमानचाच मेहुणा. पुरावा काय, तर लोकांना पडलेली स्वप्नं, नावातला मेळ, आणि नव्या सदीचा पहिला दिवस. चालून येणारी फौज जमिनीत गाडली जाईल असं हदीसमध्ये आहे, म्हणून ते वाट बघत बसले. फौज गाडली गेली नाही. महदी म्हणवलेला तो माणूस थोड्याच दिवसांत मारला गेला. जिथे शिकार करायचीही मनाई आहे तिथे दोन आठवडे गोळ्या चालल्या. ४ डिसेंबरला सगळं संपलं, आणि जानेवारी १९८० मध्ये ६३ जणांची गर्दन मारली गेली.

घरी आमची काय अवस्था होती ते सांगून उपयोग नाही. वडिलांचं पत्र यायला बावीस दिवस लागले. दादी मुसल्ल्यावरून उठत नव्हती. पण मला सांगायचं आहे ते पुढचं. मक्केत नेमकं काय चाललंय हे कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हा दुसऱ्याच दिवशी इस्लामाबादमध्ये अफवा पसरली की हे अमेरिकेनं केलं. जमाव गेला आणि अमेरिकेचा दूतावास जाळला, माणसं मेली. मक्केतलं ते करणारे आपलेच होते, कुरआन-हदीस वाचलेले होते, आणि बोट दुसऱ्याकडे गेलं. फोन नव्हते तेव्हा हे झालं.

आपल्या दख्खनमध्येही हे होऊन गेलं आहे. सय्यद मुहम्मद जौनपुरींनी महदी असल्याचा दावा केला, १५०५ मध्ये अफगाणिस्तानातल्या फराहला त्यांचा इंतकाल झाला. त्यांना मानणारी जमात आजही आहे, शांतपणे नमाज-रोजा करते. त्यांच्या अकीद्यावर बोलायचा मला हक्क नाही, आणि त्यांना त्रास देणाऱ्यांच्या बाजूची मी नाही. मी राजकारणाचं बोलते आहे. हिजरी सन हजार जवळ आलं, तशी हजारात काहीतरी होणार अशी हवा सगळीकडे होती. अकबरानेसुद्धा हजार वर्षांचा इतिहास लिहायला माणसं बसवली होती. अहमदनगरच्या निजामशाहीत १५८९ मध्ये जमाल खान नावाचा सरदार बळजोर झाला, कोवळ्या इस्माईलला त्याने गादीवर बसवलं आणि जौनपुरींना मानणारा महदवी पंथ राज्याचा मजहब केला. दोन वर्षांत, १५९१ मध्ये, बुलढाण्याकडच्या रोहिणखेडला लढाई झाली. जमाल खान पडला. नवा सुलतान बुऱ्हाण आला, त्याने मजहब पुन्हा फिरवला, आणि हाल झाले ते साध्या महदवी माणसांचे. हजार सन आलं आणि गेलं. नगरच्या रयतेला त्या वर्षी पाऊस कसा झाला याचीच जास्त चिंता असणार.

आणि अगदी काल-परवाचं. सीरियात हलबजवळ (अलेप्पोजवळ) दाबिक नावाचं गाव आहे. सही मुस्लिमच्या एका हदीसमध्ये आखरी जमान्यातल्या मोठ्या लढाईच्या संदर्भात त्याचं नाव येतं. आयसिसनं २०१४ मध्ये आपल्या मासिकाला तेच नाव दिलं आणि ते गावही ताब्यात घेतलं. दुनियाभरच्या पोरांना सांगितलं की या, आखरी लढाई इथे होणार आहे, निशाण्या पुऱ्या होत आल्या आहेत. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या कल्याणचे चार तरुण जियारतीच्या गटाबरोबर इराकला गेले आणि तिथून नाहीसे झाले. त्यांच्या मनात काय होतं ते अल्लाह जाणे, पण त्यांच्या आयांची छायाचित्रं वर्तमानपत्रात आली होती ती मी विसरलेली नाही. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये दाबिक त्यांच्या हातून गेलं. फारशी लढाईही झाली नाही. तोवर मासिकाचं नाव त्यांनी गुपचूप बदललं होतं.

हजरत, या तिन्ही वेळी हदीस खऱ्याच होत्या. पण वापरणाऱ्याला वेळ ठरवायची घाई होती आणि माणूस ठरवायची हौस होती. ज्या गोष्टी अल्लाहने स्वतःकडे ठेवल्या त्याच नेमक्या हातात घेतल्या गेल्या. कयामतची घडी कधी, असं लोक विचारतात तेव्हा त्याचं इल्म फक्त माझ्या रबकडे आहे असं सांग, हे सूरह आराफमध्ये आहे. हजरत जिब्रीलनी तोच सवाल केला तेव्हा हुजूर म्हणाले, ज्याला विचारलं त्याला विचारणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक नाही. जिब्रील आणि हुजूर या दोघांना जे ठाऊक नाही ते व्हिडिओवाल्याला ठाऊक आहे, आणि आपल्या मशिदीच्या वुजूखान्यात उभे राहून चांगली शिकलेली माणसं एकमेकांना ते दाखवतात.

दज्जालपासून बचावासाठी हुजूरनी जी सूरह सांगितली तिच्याकडे बघा. सूरह कहफ. जुम्म्याला घराघरांत आम्ही बायका ती पढतो. तिच्या सुरुवातीच्या दहा आयती पाठ करणारा दज्जालपासून महफूज राहील, असं हदीसमध्ये आहे. त्याच सूरहमध्ये पुढे, बाविसाव्या आयतीत, लोक गुहेतल्या त्या तरुणांची संख्या मोजत बसलेले आहेत. कुणी म्हणतं तीन आणि चौथा कुत्रा, कुणी म्हणतं पाच आणि सहावा कुत्रा. अल्लाह त्याला काय म्हणतो? रजमन बिल गैब. न दिसणाऱ्यावर अंधारात दगड मारणं. सांग, त्यांची संख्या माझा रब जाणतो, आणि या बाबतीत वाद घालू नकोस. म्हणजे दज्जालवरचं औषध म्हणून जी सूरह दिली तिच्यातच अंदाजपंचे हिशोबाला मनाई आहे. आणि आपण तीच सूरह पढून उठतो आणि हिशोबाचा व्हिडिओ पुढे पाठवतो. आधी मीही पाठवत होते. गेल्या रमजानपासून बंद केलं.

एक गोष्ट नाजूक आहे, पण कोकणात राहून ती न लिहिणं खोटेपणाचं होईल. इस्फहानचे सत्तर हजार यहुदी दज्जालमागे जातील ही हदीस सही मुस्लिममध्ये आहे. व्हिडिओवाले तिच्यावरून दुनियेतल्या सगळ्या यहुद्यांवर शिक्का मारतात. पण आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडे बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या राहिले. लोक त्यांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. मराठी बोलायचे, आडनावं आपल्यासारखीच गावावरून: रेवदंडेकर, किहीमकर, चेऊलकर. १९४८ नंतर हळूहळू बहुतेक घरं इस्राएलला गेली. दादीच्या तेलाची बरणी वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच भरून यायची आणि दादी म्हणायची, तोलात कधी थेंबाचा फरक नाही. इस्राएल सरकार फलस्तीनमध्ये जे करतं त्याचा राग मलाही आहे, आणि तो जुलूमाचा राग आहे. त्यासाठी दज्जालची हदीस खर्ची घालायची गरज नाही. आणि खर्ची घालायचीच तर पूर्ण घाला. बुखारीत आहे की दज्जाल मदीनेबाहेर येईल तेव्हा मदीना तीनदा हादरेल आणि प्रत्येक काफिर आणि मुनाफिक शहरातून निघून त्याला जाऊन मिळेल. मुनाफिक म्हणजे आपल्याच सफमध्ये उभा असलेला. अबू दाऊदच्या रिवायतीत आहे की माणूस स्वतःला मोमिन समजून दज्जालजवळ जाईल आणि त्याच्या मागे लागेल. म्हणून त्याची खबर मिळाली तर लांब राहा असा हुकूम आहे. आपण खबर शोधत फिरतो.

इब्न माजाहमध्ये हजरत अबू सईदंचीच आणखी एक रिवायत आहे. सहाबा, म्हणजे हुजूरचे साथी, दज्जालबद्दल बोलत बसलेले असताना हुजूर आले आणि म्हणाले, मला तुमच्याबद्दल दज्जालपेक्षाही जास्त ज्याची भीती वाटते ते सांगू का? छुपा शिर्क. माणूस नमाजला उभा राहतो आणि कुणी बघतंय म्हणून नमाज सजवतो. किती माणसांनी बघितलं याचा आकडा खाली दाखवणाऱ्या त्या पडद्यावर दज्जालचं बयान करणाऱ्यांनी ही हदीस आधी स्वतःला ऐकवावी.

आता मागणं. ते फार मोठं नाही.

वर्षातले दोन-तीन जुम्मे या विषयाला द्या, आणि खुतब्याआधीचं बयान मराठीत करा. आमची मुलं मराठी शाळेत जातात. तुमचं उर्दू त्यांना अर्धं कळतं, आणि राहिलेलं अर्धं ती फोनवरून भरून काढतात. इब्न सय्यादची हदीस पूर्ण सांगा, दोरासकट. काणा या शब्दाचा अर्थ सांगा, आणि हेही सांगा की कुणा मुलाला दज्जाल म्हणून हाक मारणं हा गुनाह आहे. मकतबात सूरह कहफच्या पहिल्या दहा आयती पाठ करून घ्या, अर्थासकट. दहावी आयत म्हणजे गुहेत शिरलेल्या तरुणांची दुआ आहे: रब्बना आतिना मिल्लदुन्का रहमतंव् व हय्यिअ् लना मिन अम्रिना रशदा. ऐ रब, तुझ्याकडची रहमत दे आणि आमच्या कामात सरळ वाट काढून दे. बाहेर जुलमी बादशहा असताना त्या पोरांनी मागितलं ते एवढंच. आणि कमिटीला विनंती आहे की जमातीच्या व्हॉट्सअॅप गटावर कयामतची तारीख सांगणारं काही आलं तर ते काढून टाकायची जबाबदारी एका माणसावर द्या.

माझ्या भाच्याला मी सगळ्यात आधी सांगितली ती हजरत नव्वास बिन समआनंची हदीस. दज्जाल चाळीस दिवस राहील. पहिला दिवस वर्षाएवढा, दुसरा महिन्याएवढा, तिसरा आठवड्याएवढा, बाकीचे नेहमीसारखे. हे ऐकून सहाबांनी पहिल्यांदा काय विचारलं, ओळख बरं, असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, कुठे लपायचं ते विचारलं असेल. नाही. त्यांनी विचारलं, या रसूलल्लाह, वर्षाएवढ्या त्या दिवशी एका दिवसाच्या नमाजा पुरतील का? हुजूर म्हणाले, नाही, अंदाज करून वेळ ठरवा. उत्तर ध्रुवाकडे महिनोन्‌महिने सूर्य मावळत नाही तिथले मुसलमान आज याच हदीसवरून नमाजच्या वेळा लावतात, हेही त्याला सांगितलं.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग वही काढली आणि गुणाकार केला. तीनशे पासष्ट गुणिले पाच, अठराशे पंचवीस. एका दिवसात अठराशे पंचवीस नमाजा. मग स्वतःच खोडलं, म्हणाला, फुफी, हिजरी वर्ष तीनशे चोपन्न दिवसांचं असतं ना? पुन्हा केला. सतराशे सत्तर. त्यानंतर त्याला काळजी पडली ती मुअज्जिन चाचांची, की एवढ्या अजाना एकट्याने कशा देतील. म्हणाला, मी मदतीला जाईन.

सहा आयती पाठ झाल्यात त्याच्या. सातवीत अडकतो आहे. येत्या जुम्म्याला तो पहिल्या सफच्या उजव्या टोकाला उभा असेल. तुमची नजर गेली तर त्याला जवळ बोलवा आणि त्या सहा आयती ऐका.

वस्सलाम,
एक निवृत्त शिक्षिका